आपल्या घरातलं गप्प बसणं

प्रिय बारक्या,

दादाची जन्मठेप रद्द झाली. हे वाक्य सगळ्यात आधी लिहितेय, कारण तुझी सवय मला ठाऊक आहे. पहिली ओळ वाचायची आणि बाकीचं नंतर बघू म्हणून खिशात कोंबायचं. पण तो सुटलेला नाही, अजून आतच आहे. वरच्या कोर्टानं सांगितलंय की खटला पहिल्यापासून पुन्हा चालवा, सगळ्या साक्षी पुन्हा घ्या, आणि या वेळी नीट चालवा. म्हणजे बाबांना भर कोर्टात पुन्हा एकदा मारलं जाणार आणि मी बाकावर बसून पुन्हा ऐकणार. या वेळीही शिक्षा झाली तर दादा जिवंत बाहेर येणार नाही. तेव्हा बाकीचं नंतर नको. एखाद्या टायरवर बूड टेक आणि आत्ताच वाच.

तुझा पत्ता त्या खोकणाऱ्या ड्रायव्हरनं दिला. आठवतो ना, वाक्य सुरू करायच्या आधी खोकायचा आणि संपल्यावर पुन्हा. तुमच्या तिकडे माल घेऊन गेला होता, मागचं चाक बसलं म्हणून एका दुकानात थांबला, तर समोर तू. दाढी वाढवलीयस म्हणे. पण व्हॉल्व्हची टोपी दातांत धरून हवा भरत होतास, त्यावरून त्यानं ओळखलं. किती वेळा सांगितलं होतं की ती टोपी दातांत धरू नकोस, पुढच्या दातांना चीर जाईल. त्यानं हाक मारली तर तू आत निघून गेलास आणि हिशेबाला दुसराच माणूस बाहेर आला. त्याला वाईट वाटलं. मला कसलं वाईट वाटतंय. तू जिवंत आहेस, हातपाय धड आहेत, कामावर आहेस, एवढं ऐकून मी दवाखान्यातल्या बेसिनपाशी उभी राहून रडून घेतलं, आणि मग हातमोजे चढवून पेशंटकडे गेले.

हो, मी अजून त्याच दातांच्या डॉक्टरांकडे आहे. तोंडातलं पाणी ओढायची नळी धरायची, कापूस द्यायचा, आणि तोंड उघडा, अजून उघडा, घाबरू नका, असं दिवसभर म्हणायचं. जगातल्या कोणाचंही तोंड मी उघडून घेते. आपल्या घरातल्या दोघांपुढे मात्र हात टेकले.

दादाला आत मारलं. बाप मारणारा म्हणून त्याच्यावर पहिल्यापासून डोळा होता. आंघोळीच्या जागी तिघांनी धरला आणि चौथ्यानं लोखंडी बादली तोंडावर हाणली, तो पडल्यावरही हाणत राहिला. जबडा दोन जागी मोडलाय. बाबांनी लहानपणी अर्धा पाडलेला त्याचा पुढचा दात, ज्यावर आमच्या डॉक्टरांनी टोपी बसवली होती, तो आता मुळासकट गेला. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकलेत. पातळ काय असेल ते दातांच्या फटीतून नळीनं ओढायचं. अशा माणसाच्या उशाशी तार कापायची पक्कड ठेवावी लागते, कारण उलटी झाली तर तिला बाहेर यायला वाट नसते आणि माणूस गुदमरतो. आमच्याकडे असा पेशंट आला की डॉक्टर त्याच्या घरच्यांच्या हातात पक्कड देऊन शिकवतात. तुरुंगातल्या दवाखान्यात मी पक्कड मागितली तर शिपाई हसला. म्हणाला, आज पक्कड मागताय, उद्या हातोडा मागाल. रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच येतो, की काल त्याला उलटी झाली असेल का.

त्या दिवशी तू गेल्यानंतरचं तुला कोणी सांगितलं नसेल. मला दुकानावर बोलावून घेतलं तेव्हा बाहेर ही गर्दी. आत बाबा पिंजऱ्यापाशी आडवे होते. तोच आपला लोखंडी पिंजरा, ज्यात ट्रकचं चाक घातल्याशिवाय हवा भरायची नाही, रिंग उडाली तर माणूस फुटेल, असं ते रोज बोंबलून सांगायचे. त्यांचा डावा कान कुठे संपतो आणि केस कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. एक डोळा उघडा होता आणि त्यात रक्त भरलं होतं. दादा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, कोपरापर्यंत लाल, आणि शेजारी टॉमी पडलेली, चाकं उचकटायची लोखंडी कांब, दादाच्या नेहमीच्या वापरातली. कॉम्प्रेसर कोणी बंद केला नव्हता. टाकी भरली की थांबायचा, जरा वेळानं धडधडत पुन्हा सुरू व्हायचा, आणि दर वेळी दारातला पोलीस दचकायचा. दादा त्या दिवशी पोलिसांशी एकच वाक्य बोलला. बारक्या सकाळीच गेला. त्यानंतर आजपर्यंत त्या विषयावर त्याच्या तोंडून शब्द निघालेला नाही.

मीही पोलिसांना तेच सांगितलं. सकाळी बॅग खांद्याला लावून तू दारातून निघालास, दुपारची गाडी पकडणार म्हणालास, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. नव्या नोकरीला चाललास म्हणून तुझ्या बॅगेत नवा टॉवेल मीच ठेवला होता. तुझा या सगळ्याशी काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

पोलिसांनी दुकान मोकळं करून दिल्यावर साफ मी केलं. दुसरं होतंच कोण. रबराचा भुगा आणि रक्त एकत्र वाळलं की ब्रशनं निघत नाही. ट्यूब घासायची कानस घेतली आणि गुडघ्यावर बसून फरशी खरवडली. हातांची सालटी निघाली. बाबा जातील तेव्हा मला काही वाटणार नाही, असं मी लहान असल्यापासून पक्कं ठरवून टाकलं होतं. माझा कान त्यांच्याच थपडेनं गेलाय, अजून डाव्या बाजूनं कोणी बोललं तर मला मान वळवावी लागते. तरी त्या दिवशी त्यांची चप्पल टायरच्या ढिगाखाली सापडली, टाच एका बाजूनं झिजलेली, आणि मला वाटलं. खूप वाटलं. याची मला लाज वाटत नाही आणि अभिमानही नाही.

आता कोर्टाचं. दादाच्या विरुद्ध होतं काय, तर टॉमीवर त्याच्या बोटांचे ठसे, जे असणारच, कारण ती रोज त्याच्याच हातात असायची. कपड्यांवर रक्त, जे मांडीवर डोकं घेतल्यावर लागणारच. आणि त्याच्या पाठीवर पट्ट्याचे ताजे वळ. ते वळ आपल्या बाजूचे ठरायला हवे होते, पण सरकारी वकिलांनी ते उलटे फिरवले. म्हणाले, बापानं मारलं म्हणून यानं बापाला संपवलं, हे बघा कारण, पाठीवर लिहिलेलं. आपल्या वकीलबाई वयानं माझ्याएवढ्याच आहेत, पण जीव तोडून लढतात. त्यांनी दादापुढे अक्षरशः हात जोडले. म्हणाल्या, तुम्ही साक्षीला उभे राहा, काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा, नाहीतर मी कुठवर भांडू. दादानं नाही म्हणून मान हलवली. न्यायाधीशांनी स्वतः विचारलं, काही सांगायचंय का. दादानं पुन्हा मान हलवली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. लहानपणी बघायचा तसाच.

मग सरकारी वकील शेवटचं भाषण करायला उठले. माणूस बोलायला पट्टीचा, आवाज असा की मागच्या भिंतीला टेकून बसलेला पेंगणारा शिपाईसुद्धा सरळ बसला. बाजूच्या वेल्डरनं साक्षीत सांगितलं होतं की आधी धाडकन काहीतरी उडाल्याचा आवाज आला, मग म्हातारा ओरडत होता, कोणी भरली हवा, बोला, बोला, मग पट्ट्याचे आवाज आले, मग काहीतरी फुटल्यासारखा आवाज, आणि मग सगळं थंड. सरकारी वकिलांनी ते शब्द उचलले आणि दादाकडे बोट करून म्हणाले, बापानं मरणाआधी या माणसाला विचारलं, बोला. हा बोलला नाही. आज न्यायालय विचारतंय, बोला. हा आजही मूग गिळून बसलाय. जो निर्दोष असतो तो छाती पिटून सांगतो की मी नाही. याचं तोंड का उघडत नाही? कारण उघडलं तर त्यातून बापाचं रक्त बाहेर येईल. असं म्हणून ते खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारची एक अनोळखी बाई मला म्हणाली, खरंय हो, आपण असतो तर ओरडलो असतो.

मी मात्र एका शब्दावर अडकले. बोला. बारक्या, बाबांनी आपल्यापैकी कोणाला आयुष्यात कधी अहो-जाहो केलं होतं? दादाला? ज्याला ते गाढवापासून सुरुवात करून आणखी खाली जायचे त्याला? एकटा समोर असला की ते म्हणायचे, बोल की रे, जीभ झडली का. बोला म्हणायचे ते फक्त एकाहून जास्त जण समोर असले की. तुला आठवत नसेल असं होणारच नाही. भिंतीपाशी तिघांची रांग, हातात ट्रकचा फॅनबेल्ट दुहेरी करून धरलेला, आणि, कोणी केलं, बोला. त्या कोर्टात एवढे शिकलेले लोक बसले होते, पण त्या सगळ्यांना वाटलं म्हातारा मुलाशी आदरानं बोलत होता. त्यांचं काय चुकलं म्हणा, त्यांच्या घरात तसं बोलत असतील. मला मात्र दुसरंच ऐकू आलं. त्या दुकानात बाबांसमोर दोघं होते.

आणि मग सरकारी वकिलांचं ते दुसरं वाक्य, निर्दोष असता तर बोलला असता, ते मला आत कुठेतरी जाऊन लागलं. कारण आपल्या घरात बरोबर उलटं होतं. आपला नियम. ज्यानं केलं नाही, त्यानं बोलायचं नाही. तो दादानंच घातला होता, बाबांच्या स्कूटरचा आरसा फुटला तेव्हा. मी म्हणाले मी नाही, दादा म्हणाला मी नाही, आणि तू उरलास. दोघं सुटले की तिसरा आपोआप सापडतो, हे आम्हाला तुझ्या अंगावर फॅनबेल्ट पडायला लागल्यावर कळलं. केवढासा होतास. पहिल्या फटक्याला ओरडलास, दुसऱ्याला चड्डी ओली केलीस, आणि त्यानंतर तुझा आवाजच निघेना, नुसतं तोंड उघडं. दादा मध्ये पडला तर बाबांनी मूठ मारून त्याचा दात तोडला. त्यानंतर दादानं आपल्या दोघांना टायरच्या ढिगामागे नेऊन, तोंडातलं रक्त थुंकत थुंकत, नियम सांगितला. यापुढे मी नाही असं कोणी म्हणायचं नाही. मार वाटून घ्यायचा. आणि ज्यानं केलं असेल त्यानं मागाहून बाकीच्यांच्या पाठीला मलम लावायचं, न बोलता. मग कोणाला काही विचारायची गरजच उरत नाही, मलम घेऊन कोण येतं त्यावरून कळतं.

तो नियम आपण किती पाळला. तू पाण्याची टाकी फोडलीस तेव्हा माझे केस धरून बाबांनी डोकं दारावर आपटलं, मी हूं की चूं केलं नाही. मी त्यांच्या शर्टाला इस्त्रीनं भोक पाडलं तेव्हा मार तुम्ही दोघांनी खाल्ला, आणि मी मलमाची डबी घेऊन आले तर तू उताणा होऊन म्हणालास, पोटाला पण लाव, गार वाटतं. मार खाऊनही आपण हसायचो. त्या घरात आपण जगलो ते या नियमावर, हे मी कोणाला सांगायला गेले तर वेड्यात काढतील. पण तुला माहीत आहे, गप्प बसणारा म्हणजे गुन्हेगार हे आपल्याकडे कधीच नव्हतं. आपल्यात सगळ्यात घट्ट तोंड मिटायचा तो ज्यानं काही केलेलं नसायचं. सरकारी वकील तिकडे सांगत होते की हा बोलत नाही म्हणजे यानंच केलं, आणि मी दादाच्या अंगठ्याकडे लागलेल्या नजरेकडे बघत होते आणि मला लख्ख कळत होतं, यानं केलेलं नाही.

यानं केलेलं नाही, तर मग कोणी, हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात पुरं केलं नाही. आता करते. दुकानाच्या पत्र्याला एक भगदाड पडलंय, बारक्या, चाकाच्या रिंगेच्या आकाराचं. साफ करताना मी बघितलं होतं, पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. पिंजऱ्यात न घालता चाकात हवा भरली आणि रिंग उडाली, त्याचं ते भोक. दादा आयुष्यात पिंजऱ्याशिवाय हवा भरणार नाही, तू नेहमी भरायचास, घाई म्हणून. गाडीच्या आधी दादाला भेटायला तू दुकानात गेलास. दादा दुसऱ्या कामात होता, तू जाता जाता एक चाक उरकून देऊ म्हणालास. रिंग छपरातून गेली. आवाजानं बाबा मागच्या खोलीतून आले, फॅनबेल्ट खिळ्यावरच होता. कोणी भरली हवा, बोला. तुम्ही दोघं एवढे वाढलेले, पिळदार दंडांचे, आणि तरी भिंतीपाशी रांगेत उभे राहिलात, याची मला अजून चीड येते. दादा बोलला नाही. तूही बोलला नाहीस. बाबांनी दादापासून सुरुवात केली, थोरल्यापासून, नेहमीसारखी. शर्ट फाटेपर्यंत, पाठ उसवेपर्यंत. तो भिंतीला तोंड करून खात राहिला, तू केलेल्याचं. आणि तू ते बघू शकला नाहीस आणि टॉमी उचललीस.

मी तिथे नव्हते. एखादा तपशील इकडचा तिकडे असेल. पण शवविच्छेदनाचा अहवाल कोर्टात वाचून दाखवला तेव्हा मी कान देऊन ऐकलं, एकच कान आहे म्हणून जास्तच. पहिला घाव कानामागे, मागून. एवढं मला समजतं. बाबा दादाला मारत होते, म्हणजे दादा त्यांच्या समोर होता. मागून कोणी मारलं? त्या पहिल्या घावाचा मी तुला दोष देत नाही. एक क्षण आधी मारला असतास तर दादाची पाठ तरी वाचली असती, असंही माझ्या मनात येऊन गेलंय, देव मला माफ करो. पण घाव एक नव्हता. बाबा खाली पडल्यावरचे होते, तोंडावरचे होते, हात आडवा घातला म्हणून मनगटावरचेही होते. त्या घावांना मी काय म्हणू ते मला कळत नाही. तुझ्या जागी मी असते तर थांबले असते का, हेही मला सांगता येत नाही. मग दादानं तुझ्या हातातून टॉमी घेतली असणार, तिच्यावरचं तुझं सगळं स्वतःच्या हातांनी पुसून काढलं असणार, आणि तुला म्हणाला असणार, पळ, तू सकाळीच गेलास.

वरच्या कोर्टात वकीलबाईंनी सगळा जोर त्या मूग गिळण्यावर लावला. त्या म्हणाल्या, गप्प राहणं हा आरोपीचा हक्क आहे, कायद्यानं दिलेला, आणि कोणी हक्क वापरला म्हणून त्याच्यावर चिखल उडवता येत नाही. गुन्हा शाबीत करणं सरकारचं काम, आरोपीनं आपलं निर्दोषपण शाबीत करायचं नसतं. सरकारी वकिलांनी त्याच्या मौनावर बोट ठेवलं आणि खालच्या कोर्टानं तेच बोट धरून निकाल लिहिला. न्यायाधीशांना ते पटलं. निकालात म्हटलंय की आरोपी का बोलला नाही याचे शंभर अर्थ असू शकतात, आणि त्यातला एक निवडून त्याला शिक्षा देता येणार नाही. मी ते वाक्य वकीलबाईंकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शंभरातला आपला अर्थ कोणालाच माहीत नाही, याचं मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. वकीलबाई खूश होत्या, पण बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, फार आशा धरू नका, पुढच्या वेळी ते मौनाबद्दल चकार शब्द काढणार नाहीत आणि ठसे आणि रक्तावरच शिक्षा मागतील. मग म्हणाल्या, त्या वेळी तिथे आणखी कोणी होतं का, एवढं मला कोणी सांगितलं तर चित्र पालटेल. आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी दादाला भेटायला गेले. मध्ये जाळी, तोंडात तार, चेहरा सुजून भोपळा झालेला. मी गंमत करायचा प्रयत्न केला, म्हटलं आता सरकारी वकील काय म्हणतील, तार गिळून बसलाय? त्याचे डोळे हसले. मग मी हळूच विचारलं, दादा, बारक्या तिथे होता ना? त्यानं जाळीवर कपाळ आपटलं. पुन्हा आपटलं. तारांमागून घशातून असा आवाज काढला की पलीकडच्या बाईचं मूल रडायला लागलं. कपाळ फुटलं, रक्त नाकावरून तारांवर उतरलं, आणि शिपाई त्याला काखेत धरून ओढत घेऊन गेले तरी तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, नाही, नाही, नाही. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं.

मला तुझा राग किती आला हे लिहून कळणार नाही. त्या ड्रायव्हरकडून तुझी दाढी ऐकली आणि वाटलं, ती धरून तुला फरफटत आणावं, दादाच्या जाळीपुढे उभं करावं आणि म्हणावं बघ, हे तुझ्या वाटणीचं आहे. तू नियम पाळलास, पण अर्धाच. गप्प बसलास. मलम घेऊन कोण येणार होतं? आणि हा राग जात नाही तोच पुढे तुझं ते उताणं होणं दिसतं, पोटाला पण लाव म्हणणारं, आणि मला कळत नाही की मी कोणाला वाचवायला निघालेय आणि कोणाला मारायला. तू माझा धाकटा आहेस. तुझं नाक मी पुसलंय. तुला पकडून देणारा हात माझा असावा, असं मी कोणत्या देवाचं काय घोडं मारलं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. वकीलबाईंनी या वेळी साक्षीदारांमध्ये माझं नाव दिलंय, आणि मी उभी राहणार आहे. आपला नियम सांगणार आहे, बोला सांगणार आहे, पत्र्याचं भगदाड सांगणार आहे, आणि शेवटी तुझं नाव घेणार आहे. तुझ्या पाठीमागे करायचं नाही म्हणून आधी तुला कळवतेय. पण मी सांगितलं तर तो एका बहिणीचा अंदाज ठरेल. सरकारी वकील उठून म्हणतील की ही एका भावाला सोडवायला दुसऱ्याला सुळावर चढवतेय, आणि लोक पुन्हा माना डोलावतील. तू येऊन सांगितलंस तर ते खरं ठरेल. भावाची पाठ फुटत होती म्हणून मी टॉमी उचलली, एवढं तू कोर्टातल्या त्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून म्हणालास तर वकीलबाई तुझ्यासाठीही जिवाचं रान करतील, मी त्यांना विचारून ठेवलंय, तुझं नाव न सांगता. शिक्षा होईल, पण माणसासारखी होईल, आणि दादा आपल्या तोंडानं घास खाईल. तारीख पाकिटाच्या आत चिकटवलीय. पत्राला उत्तर नको, तू ये. आणि आला नाहीस, याही वेळी गप्प राहिलास, तर बारक्या, त्या गप्प बसण्याचा अर्थ मी आपल्या घरातला लावणार नाही. सरकारी वकिलांचा लावीन.

तुझीच, आणि त्याचीही,
ताई